एमपर्यंत तरी वाच, रेजू

अजमान,
शुक्रवार, मिस्सेनंतर

प्रिय पपा,

आधी कबुली देते, मग भांडते. काल मी ते पुस्तक उघडलं. हो, तेच, क्रुकशँकचं! तुम्ही गेलात त्याला दीड वर्ष होत आलं. त्याआधीची दोन वर्षं ते आपल्या शोकेसमध्ये, आईच्या काचेच्या बशांशेजारी उभं होतं आणि मी त्याला बोट लावलं नव्हतं. काल संध्याकाळपासून मी मधेच हसते, मधेच दात-ओठ खाते. आई म्हणते, हिला ऊन बाधलं. तुमच्याशिवाय हे सांगू तरी कुणाला?

मला तोंडाने सांगता येत नव्हतं का हो? एक वाक्य! एका वाक्याने आपली दोन वर्षं वाचली असती.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ठाऊक नाही. म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

मी चौथीत होते. तुमची जबल अलीची टायपिस्टची नोकरी गेली, कंपनीच बंद पडली. नवा व्हिसा मिळाला नसता तर आपण तिघंही वसईला परत गेलो असतो. तेव्हा हा क्रुकशँक भेटला. दुबईच्या एका मॉलमध्ये, सरकत्या जिन्याच्या खाली, त्याचा छोटासा काउंटर होता. वर पाटी: तुमच्या आडनावाची कुळकथा. गोरी माणसं, बहुतेक स्कॉटलंडची, यायची, आडनाव सांगायची, तुम्ही ते कॉम्प्युटरवर शोधायचात आणि पिवळसर जाड कागदावर नावाचा उगम, अर्थ आणि वर एक ढाल छापून द्यायचात. फ्रेम हवी तर वेगळे पैसे.

त्या दिवशी तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत तेव्हा आईचा चेहरा आठवतो? "पंच्याहत्तर दिरहम? म्हणजे साडेसहाशे रुपये! माणसाला त्याचंच आडनाव सांगायचे?" आणि तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "अगं, लोकांना आपण कुठून आलो ते विसरायला होतं. विशेषतः वाळवंटात."

पण पहिल्याच दिवशी त्याने काय केलं? तुमचंच नाव बदललं! बस्त्याव म्हणायला त्याची जीभ वळेना. "आय विल कॉल यू बॉब." ज्याचं दुकान नावांच्या अर्थावर चालतं, त्याला एका माणसाचं नाव उच्चारायचा कंटाळा! आणि तुम्ही हसत होतात. "बॉब तर बॉब. व्हिसावर तर बस्त्यावच आहे ना?" तुमचं ते हसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

कॉम्प्युटरमध्ये सगळीच आडनावं नव्हती, आणि जी होती त्यांना साखर लावलेली होती. प्रत्येकाचा पूर्वज शूर, प्रत्येकाचा किल्ला डोंगरावर. तुम्हाला ते पटेना. म्हणून सुट्टीच्या दिवशी तुम्ही इंग्रजी ग्रंथालयात जाऊन बसायला लागलात. काउंटरवर आलेल्या म्हाताऱ्या इंजिनिअरांना, नर्सबायांना चहा पाजून त्यांच्या गावच्या गोष्टी विचारायला लागलात. जे मिळेल ते पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर उतरवायचं, एका नावाला एक कार्ड. पुढच्या बाजूला इंग्रजीत, कामासाठी. मागच्या बाजूला मराठीत, माझ्यासाठी.

मी तेव्हा "पपा, इट्स सो बोरिंग" म्हणायचे. पण माझं जे काही मराठी आहे, ते त्या कार्डांच्या मागच्या बाजूवर तयार झालंय. शाळेत अरबी आणि हिंदी, खाली अंगणात मल्याळी पोरांशी इंग्रजी, आणि रोज रात्रीच्या जेवणाआधी एक स्कॉटिश आडनाव मराठीत! असं मराठी दुसऱ्या कुणी शिकलं असेल का?

काही अजून पाठ आहेत. "वॉकर: चालणारा नव्हे गं! ओलं कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा. दिवसभर एकाच जागी चालायचा, बिचारा." "बॅक्स्टर: पाव भाजणारी. बाई. आपली वसईतल्या पापडी गावची मावशी तिकडे असती तर तिला हेच आडनाव मिळालं असतं." "मॅकिंटायर: मॅक म्हणजे मुलगा; हा सुताराचा मुलगा. येशूही तोच." "वॉलेस: परका. स्वतःच्याच देशात त्यांना परके म्हटलं, आणि तेच नाव मग अभिमानाने लावायला लागले. आपण अजमानमध्ये कोण? वॉलेस!"

आणि कॅम्पबेल! कॅम्पबेलवरून झालेला तो तमाशा. एक जाडजूड साहेब बायकोच्या वाढदिवसाला फ्रेम करून घ्यायला आले होते आणि तुम्ही सरळ छापलंत: वाकडं तोंड. तो माणूस मॉलभर ओरडला. मी तेव्हा काउंटरमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करत होते. क्रुकशँक धावत आला, त्याला दुसरा कागद फुकट दिला आणि मग तुमच्याकडे वळला.

"बॉब, माय फ्रेंड, वाकडं तोंड पैसे देऊन कोण विकत घेईल?"

"सर, पण अर्थ तोच आहे."

"अर्थ आपण देतो, बॉब. कस्टमर नाव देतो, आपण अर्थ देतो. खलास."

तुम्ही मान हलवलीत. पण दुसऱ्या दिवसापासून कागदाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, तुम्ही खरा अर्थ लिहायला लागलात. विचारलं तर म्हणालात, "नावाबद्दल खोटं बोलणं पाप आहे, रेजू. मेलेला माणूस येऊन दुरुस्त करू शकत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आपल्या नावाची गोष्टही तुम्ही त्याच स्टुलावर सांगितलीत. परेरा म्हणजे नासपतीचं झाड. पोर्तुगीज पाद्रीने आपल्या कुणा खापरपणज्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि स्वतःच्या गावचं एक आडनाव काढून दिलं. "वसईत कुणी नासपती पाहिली होती गं? घराभोवती केळी, आणि नाव नासपतीचं!" आळीतली निम्मी घरं परेराच. मग माणसं ओळखायची कशी? म्हणून प्रत्येक घराला हाकेचं वेगळं नाव. कुणी मोठ्या विहिरीचे, कुणी चिंचेखालचे, आणि आपण रहाटवाले, कारण पणजोबांच्या वाडीत विहिरीवर रहाट होता. चाकाला मडकी बांधलेली, बैल गोल फिरायचा, पाणी पाटाने केळींना जायचं. ते नाव कुठल्याच कागदावर नाही. पासपोर्टवर नाही, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नाही. पण सुट्टीत आळीत शिरलो की पहिल्याच घरातून हाक येते, "रहाटवाल्यांचो बस्त्याव आयलो!"

माझी जखम पुढे आहे.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना क्रुकशँकच्या डोक्यात पुस्तक आलं: स्कॉटिश आडनावांचा कोश, ए ते झेड. खरं म्हणजे त्याने तुमची कार्डं पाहिली. बिस्किटांचे सहा डबे भरून! त्याने ती मागितली, आठवडाभर ठेवून पुढच्या बाजूच्या झेरॉक्स काढल्या आणि कार्डं परत दिली. म्हणाला, "वी विल बोथ बी ऑन द कव्हर, बॉब." त्या दिवशी तुम्ही केक आणलात. आठवतं? आईने तर वसईला फोन लावून मावशीला सांगितलं, आमच्या ह्यांचं पुस्तक येतंय, लंडनहून.

आठ महिने ते सगळं तुम्ही टाइप केलंत. काउंटर बंद झाल्यावर, मॉलमध्येच. ओळ न् ओळ तुमची होती. मग छपाईआधीची प्रुफं आली आणि पहिल्या पानावर एकच नाव होतं. अलन क्रुकशँक.

तुम्ही विचारलंत ना त्याला? निदान विचारलंत तरी! तो म्हणाला, प्रकाशकाला एकच लेखक हवा, आणि अरे बॉब, तुझा व्हिसा माझ्याकडे आहे, घाबरतोस काय, नोकरी पक्की आहे. एवढंच बोलला, पण त्यातली धमकी आपल्या घरात तिघांनाही कळली. त्याने मनात आणलं तर एका सहीत कॅन्सल. माझं कॉलेज, हे घर, सगळं.

मला वाटलं तुम्ही खचाल. तुम्ही प्रुफांचा गठ्ठा घरी आणलात आणि गुरुवार-शुक्रवार जेवणाच्या टेबलावर बसून तपासलात. आणि शुक्रवारी सकाळी तुम्ही शीळ घालत होतात! मी चिडून आत निघून गेले. जाताना तुमचा प्रश्न कानावर पडला. तुम्ही आईला विचारत होतात, "अगं, आपल्या वाडीतल्या रहाटाला बैल एकच होता ना? आणि त्याला झापड बांधायचे?"

आई म्हणाली, "आता ते कशाला? तुमच्या घरची गोष्ट मला काय विचारता?"

त्याच दिवशी चर्चमध्ये, सुट्टीच्या शुक्रवारच्या मिस्सेनंतर, तुम्ही पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहिलात. एरवी फक्त नाताळ आणि ईस्टरच्या आधी जाणारे तुम्ही! पाद्रींनी काय प्रायश्चित्त दिलं कोण जाणे, पण बाहेर आलात ते गालातल्या गालात हसत. मी तेव्हा तुमच्याशी बोलत नव्हते, म्हणून विचारलं नाही.

पुस्तक आलं. त्याने तुम्हाला एक प्रत दिली, आत लिहिलं होतं, टू बॉब, विथ थँक्स. बॉबला! ती प्रत तुम्ही शोकेसमध्ये लावलीत. मी तुम्हाला काय म्हणाले, ते मला इथे पुन्हा लिहायला लावू नका. बरं, लिहिते. म्हणाले, "पपा, तुम्ही भित्रे आहात. चोराचं पुस्तक घरात सजवून ठेवणारा माणूस माझा बाप आहे, ह्याची मला लाज वाटते."

मराठीत म्हणाले. तुम्ही शिकवलेल्या मराठीत.

तुम्ही रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "वाच तर खरं. एमपर्यंत तरी वाच, रेजू."

"मला नाही वाचायचं."

त्यानंतर किती वेळा विचारलंत! कधी गाडीत, कधी चहाच्या वेळी. "पुस्तक उघडलंस का?" मी तोंड फिरवायचे. शेवटी हॉस्पिटलमध्ये, नाकात नळी असताना, आईला बाहेर पाठवून तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं काहीतरी मोठं सांगाल. आणि विचारलंत काय? "एम वाचलंस?" मी म्हणाले, "पपा, आत्ता तरी त्या माणसाचं नाव काढू नका." तुम्ही डोळे मिटलेत. हसलात की दमलात, मला कळलं नाही. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

आता ह्याला मी काय करू? तुम्ही इतके हट्टी का? उघडून पान का नाही दाखवलंत? की मी स्वतः उघडावं हीच अट होती?

तर कालची गोष्ट. मॉलमध्ये बोर्ड लागला होता: दुसरी आवृत्ती, लेखक स्वतः सह्या देणार. मी ऑफिसातून थेट तिकडे गेले. जबल अलीची कंपनीची बस चुकवली, टॅक्सी केली. पर्समध्ये तुमची पाच कार्डं होती. मी मनात सगळं ठरवलं होतं. रांगेत उभं राहायचं, माझी पाळी आली की कार्डं टेबलावर आपटायची आणि सगळ्यांसमोर विचारायचं, "हे अक्षर कुणाचं, सांग!" त्याचं तोंड पडलेलं मला पाहायचं होतं. खोटं कशाला बोलू? मला बदला हवा होता, आणि अजूनही हवा आहे.

रांग लांब होती. दुकानातला मुलगा "यल्ला मॅडम, यल्ला" करत पुढे सरकवत होता. सगळ्यांच्या हातात पुस्तक होतं, म्हणून मलाही एक विकत घ्यावं लागलं. त्या चोराचं पुस्तक, माझ्या पगाराच्या पैशांनी! हातातलं मॅकफर्सनचं कार्ड मी पुस्तकाशी ताडून पाहायला निघाले, शब्दन् शब्द सारखा आहे हे दाखवायला. पाद्रीचा मुलगा. सापडलं. तुमचंच वाक्य होतं. डोळे आपोआप खाली गेले. मॅकक्वीन. मॅकरे. आणि मग मॅकराहट.

पपा!

मी तीनदा वाचलं. पाठच झालंय. आता मराठीत लिहिते, कारण तुम्ही ते मनात मराठीतच लिहिलं असणार.

"मॅकराहट: चाकावरून पाणी काढणाऱ्याचा मुलगा. पश्चिम किनाऱ्यावरचं लहान कुळ. हे लोक विहिरीवर चाक बसवून, त्याला मडकी बांधून, बैलाकरवी फिरवत आणि समुद्राजवळच्या बागांना पाणी देत. परकी सत्ता आल्यावर तिच्या पाद्रींनी त्यांना एका अनोळखी झाडाचं नाव दिलं. ते त्यांनी कागदावर घेतलं, पण एकमेकांना हाक मारताना ते जुनंच नाव वापरतात. ढाल: मडक्यांचं चाक आणि झापड बांधलेला बैल. स्वभावाने शांत. विसरत नाहीत."

स्कॉटलंड! जिथे बारा महिने आभाळ गळतं, तिथे बागेला पाणी घालायला बैल! आणि त्या शहाण्याने दोन आवृत्त्या काढल्या, पण वाचलं नाही. कशाला वाचेल? बॉब कधी खोटं लिहीत नाही, ह्याची त्याला खात्री होती. उभ्या आयुष्यात तुम्ही नावाबद्दल एकच खोटं बोललात, आणि तेही पाद्रींना सांगून!

मी तिथे रांगेत रडायला लागले. पुढच्या बाईने मला टिश्यू दिला.

मग माझी पाळी आली. तो जाडा झालाय. मला ओळखलं नाही. स्टुलावर बसून त्याच्यासमोर सात वर्षं गृहपाठ केला मी! पर्सची चेन मी उघडली होती, हात कार्डांवर होता. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"सर, एक नाव विचारायचं होतं. मॅकराहट."

त्याने पान पाहिलं. एक क्षण डोळे कोरे झाले. मग छाती फुगली. "आह! व्हेरी रेअर. खूप जुनं कुळ. मी स्वतः त्यांच्या जमिनीवर उभा राहिलोय."

"त्या विहिरी अजून आहेत, सर?"

"अर्थात! पाणी प्यायलोय मी तिथलं. गोड."

टिश्यूवाली बाई अजून बाजूलाच उभी होती, सही सुकायची वाट बघत. ती म्हणाली, "एक्सक्यूज मी, मी त्याच किनाऱ्यावरची आहे. आमच्याकडे बागेतून पाणी बाहेर काढावं लागतं. आत कोण घालतं?"

मागची माणसं हसली. क्रुकशँकचे कान लाल झाले. "दॅट वॉज... इन द ड्राय सेंच्युरीज, मॅडम." कोरडी शतकं, पपा! कोरडी शतकं! तुम्ही हवे होतात हो. तुम्ही हवे होतात.

मी म्हणाले, "सर, माझे पणजोबा त्याच कुळातले. सहीत तेच नाव घालाल?"

त्याने माझ्या सावळ्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, मग रांगेकडे. आता मागे कसा फिरणार? आत्ताच तर तिथलं पाणी प्यायला होता. त्याने लिहिलं: टू मिस मॅकराहट, ऑफ अ प्राउड अँड एन्शंट फॅमिली. खाली लफ्फेदार सही. इतक्या वर्षांत त्या माणसाने आपल्याबद्दल लिहिलेली ही पहिली खरी गोष्ट.

कार्डं मी बाहेर काढलीच नाहीत. का, ते ऐका. रांगेत पुढे सरकता सरकता माझ्या लक्षात आलं होतं. मी आत्ता ओरडले, तर प्रकाशकापर्यंत जाईल. चौकशी होईल. लेखक म्हणून तुमचं नाव घालतील की नाही देव जाणे, पण पहिलं काम कुठलं करतील? मॅकराहट काढून टाकतील! त्या अख्ख्या पुस्तकात आपल्या घराची म्हणावी अशी तेवढीच जागा आहे. एकदा तुम्हाला त्याने काढलं. दुसऱ्यांदा काढून टाकायला निमित्त मी होऊ?

घरी आले आणि आईला पान वाचून दाखवलं. तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "म्हणून बैल विचारत होते होय!" आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. हसता हसता रडली. तुम्ही गेल्यापासून तिला इतकं रडताना मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "सोडून दे आता. तुझ्या पपांनी घ्यायचा तो घेतला बदला."

नाही सोडणार. तुम्ही शांत स्वभावाचे होतात, मी नाही. तुमच्या नोंदीतले शेवटचे दोन शब्द मात्र मला चांगले कळतात: विसरत नाहीत.

आज मिस्सेहून आल्यावर सहाही डबे पलंगाखालून काढले. कार्डं उलटी करून जमिनीवर मांडलीत. हॉलभर पसरलीत, आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाते. क्रुकशँकने फक्त पुढची बाजू नेली, पपा. मागची त्याला वाचताच आली नसती, म्हणून ती त्याला चोरताही आली नाही. एक अख्खं पुस्तक तसंच पडून आहे. मराठीत, तुमच्या अक्षरात, पापडीच्या मावशीसकट!

शोधता शोधता त्याचंही कार्ड सापडलं. मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे इंग्रजीत नेहमीसारखं. मागे तुम्ही लिहिलंय: "क्रुकशँक: वाकड्या पायाचा. एखाद्या पूर्वजाचा पाय वाकडा असेल. त्यावरून नातवाला हसू नये. नाव माणसाला मिळतं, माणूस नावाला नाही." खाली तारीख नाही. पण शाई ताजी वाटते; तो काळा पेन तुम्ही शेवटच्या वर्षीच घेतला होता. म्हणजे सगळं झाल्यावर लिहिलंत! त्याने तुम्हाला पुसून टाकल्यावर! असं कसं लिहवतं हो तुम्हाला?

माझं मन एवढं मोठं नाही. मला माफ करा किंवा नका करू.

आता वचन देते. त्या प्रकाशकाला पत्र मी सकाळीच लिहून ठेवलंय. सोबत कार्डांच्या झेरॉक्स आणि मिस मॅकराहटवाली सही. पण ते आत्ता पोस्टात पडणार नाही. आधी आपलं पुस्तक येईल. मराठीत. वसईत छापीन, पगार साठवून, एक वर्ष लागो की तीन. मुखपृष्ठावर एकच नाव असेल: बस्त्याव परेरा. त्यात मॅकराहटही असेल, आणि तो कसा जन्मला त्याची खरी गोष्टही. एकदा ते नाव आपल्या घरात सुरक्षित आलं की लंडनचं पत्र जाईल. मग त्यांनी तिकडून खुशाल खोडावं. मग क्रुकशँकने सांगत फिरावं कोरड्या शतकांबद्दल.

आणि त्याच्या नावाच्या पानावर मी तुमचा एकही शब्द बदलणार नाही. अर्थ तुमचाच राहील, नातवाला हसू नये हेही राहील. फक्त त्याखाली त्याच्या वाकडेपणाचं उदाहरण माझं असेल.

पहिली प्रत तुमच्या क्रुसाशी आणून ठेवीन. वाचायला लावणार नाही. एमपर्यंत मी स्वतः वाचून दाखवीन.

तुमची उशिरा वाचणारी,
रेजिना बस्त्याव परेरा,
रहाटवाल्यांची